अफूवर्गातील वेदनाशामके : घरात असतील तर काय सांभाळावे



गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सौ.च्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. सोबत औषधांची पिशवी आणि सात-आठ औषधे लिहिलेले डिस्चार्ज कार्ड होते. त्यात दुखण्याची एक गोळी होती, दिवसातून तीन वेळा घ्यायची. सौ. गेली पाच-सहा वर्षे रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात. ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, आणि इतकी अंगवळणी पडलेली की ते औषध आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. शस्त्रक्रियेपूर्वी "आणखी काय काय चालू आहे?" असे विचारले गेले, तेव्हा आम्ही बीपीची आणि थायरॉईडची गोळी सांगितली. झोपेची सांगितलीच नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री त्या दोन्ही गोळ्या घेऊन झोपल्या. पहाटे बाथरूमला जायला उठल्या, वॉकर घ्यायचे भान राहिले नाही, आणि दोन पावलांवर कपाटाला धडकून खाली बसल्या. टाके शाबूत राहिले, हे नशीब. पण त्यांना उचलून पलंगावर ठेवल्यावर जे दिसले त्याने आमचे हातपाय गळाले. हाक मारली की डोळे किलकिले होत आणि पुन्हा मिटत. जीभ जड झाली होती. श्वास इतका संथ की पुढचा येतो की नाही याची वाट पाहावी लागत होती. सूनबाईंनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाल्या, "बाबा, यात ट्रॅमाडॉल आहे. ही साधी दुखण्याची गोळी नाही."

लगेच इस्पितळात नेले. दुपारपर्यंत देखरेखीखाली ठेवून, झोपेची गोळी बंद करून त्यांना घरी पाठवले. आज त्या रोज संध्याकाळी बागेत चार फेऱ्या मारतात. पण कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरे वाचा, असे लोकांना सांगण्यात आमची बँकेतली सारी नोकरी गेली. घरात आलेल्या गोळीच्या पट्टीवरची अक्षरे मात्र आम्ही वाचली नव्हती. ही टोचणी राहिली, म्हणून हा लेख.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. गेल्या काही महिन्यांत जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते येथे मांडतो आहोत. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे. आपण काय विचारायचे आणि काय सांभाळायचे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

ही औषधे कोणती?

दुखण्याच्या गोळ्या ढोबळपणे दोन प्रकारच्या. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक या आपल्या ओळखीच्या गोळ्या पहिल्या प्रकारात येतात. त्यांचे धोके वेगळे आहेत, पण त्या अफूवर्गातील नाहीत.

दुसरा प्रकार ओपिऑइड म्हणजे अफूवर्गातील औषधांचा. आपल्याकडे घरात येणारी यातली मुख्य नावे अशी : ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, आणि कातडीवर चिकटवायचे फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे पॅच. शस्त्रक्रिया, हाड मोडणे, तीव्र पाठदुखी, कर्करोग अशा कारणांनी ती दिली जातात. कोडीन काही खोकल्याच्या औषधांतही असते.

पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते. त्यावरून काहीच कळत नाही. घटक बारीक अक्षरांत असतात, तेच वाचायचे. ट्रॅमाडॉल बहुतेक वेळा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येते; ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल हे नेहमीचे प्रमाण. अशी गोळी चालू असताना अंगात कसकस वाटली म्हणून आपण वेगळी पॅरासिटामॉल घेतो, आणि तेच औषध पोटात दोनदा जमा होते. पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृताला इजा होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकच रक्कम दोनदा नावे पडते, आणि महिनाअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या माळव्याचे जुने पीक

इंदूरकरांना अफू नवी नाही. मंदसौर, नीमच, रतलाम भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पांढऱ्या फुलांची शेते आणि हिरवी बोंडे दिसतात. बोंडाला चिरे देतात, चीक बाहेर येतो, तो सुकत आला की दुसऱ्या दिवशी खरवडून गोळा करतात. हीच अफू. ही शेती केंद्र सरकारच्या परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना, ज्याला इकडे 'पट्टा' म्हणतात, तो देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरला आहे. गोळा झालेली सगळी अफू सरकारला द्यावी लागते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचे कारखाने आहेत, तेथे तिच्यापासून औषधी द्रव्ये काढतात. दिवाळीत अनारशाला लावतो ती खसखस म्हणजे याच बोंडातले बी.

१८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. कोडीनही अफूतच सापडते. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि फेंटानिल मात्र कारखान्यात रसायनांपासून तयार होतात. त्यांत अफूचा अंश नसतो, पण शरीरात ती अफूच्याच वाटेने काम करतात. म्हणून त्यांना याच घराण्यात धरतात.

पूर्वी काही घरांत रडणाऱ्या तान्ह्या मुलाला अफूचे बोट चाटवत. मूल शांत झोपे, आणि एखादे वेळी ते उठतच नसे. हा जुना अनुभव लक्षात ठेवला तर पुढची माहिती समजायला सोपी जाते.

वेदना थांबते, तेव्हा आणखी काय मंदावते?

मेंदू, मज्जारज्जू आणि आतडी यांत काही ठिकाणे अशी आहेत की तेथे ही औषधे जाऊन बसतात. कुलपात किल्ली बसावी तशी. तेथे बसली की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. दुखण्याचे मूळ कारण जात नाही, सूजही उतरत नाही. जाणीव कमी होते.

पण तशीच कुलपे आतड्यातही आहेत, म्हणून आतड्याची हालचाल मंदावते. मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो तेथेही आहेत, म्हणून श्वास मंदावतो. झोप, मळमळ, चक्कर, सगळे यातूनच येते. वेदना थांबवणारे काम आणि त्रास देणारे काम एकाच किल्लीने होते. तेव्हा 'चांगल्या कंपनीची' किंवा महाग गोळी घेतली म्हणून त्रास टळेल, असे होत नाही.

नेहमी दिसणारे त्रास

बद्धकोष्ठ : हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते, कारण शरीर सरावते. आतडी मात्र सरावत नाहीत. औषध चालू आहे तोवर हा त्रास राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, "पोट साफ होण्याचे औषध सोबत देता का?" इसबगोल घेऊन भागेल असे आम्हाला वाटले होते. पण आतडीच मंदावलेली असताना, आणि त्यात पाणी कमी प्यायले तर, इसबगोलाने पोट आणखी गच्च होऊ शकते. हेही डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

मळमळ आणि उलटी : पहिल्या काही दिवसांत होते. पोट रिकामे ठेवू नये. उलट्या थांबत नसतील तर कळवावे.

गुंगी, चक्कर आणि तोल जाणे : साठीच्या पुढे हा त्रास किरकोळ समजू नये. पडून खुब्याचे हाड मोडले तर मूळ दुखण्यापेक्षा मोठे दुखणे मागे लागते. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा, उठताना आधी दोन मिनिटे पलंगावर बसावे, सोबत कोणी असावे. औषध अंगी लागेपर्यंत स्कूटर, गाडी चालवू नये.

लघवी अडणे : प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बऱ्याच तासांत लघवी झाली नाही तर सकाळची वाट पाहू नये.

भ्रम : वयस्क माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो, नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. घरचे म्हणतात, 'म्हातारपण आले.' दोन दिवसांपूर्वी जे नव्हते ते म्हातारपण नसते. औषध तपासून घ्यावे.

खाज सुटणे, तोंड कोरडे पडणे, घाम येणे हेही होते.

खरा धोका श्वासाचा

जीव जातो तो श्वास मंदावून. मात्रा जास्त झाली, दुसऱ्या औषधाची भर पडली, किंवा शरीर ते औषध बाहेर टाकू शकले नाही, की गुंगी वाढत जाते आणि श्वास संथ होत होत थांबतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, "बरे झाले, आज गाढ झोप लागली."

भर कशाची पडते, ते पाहा :

• झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या गटातील औषधे ओपिऑइडबरोबर घेण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा छापायला लावला.
• नसांच्या दुखण्याच्या गोळ्या : प्रेगाबालिन, गॅबापेंटिन. मधुमेहात पायांची आग होते म्हणून आपल्यापैकी अनेकजण त्या घेतात.
• दारू, मग ती 'एकच पेग' का असेना.
• काही सर्दी-खोकल्याची आणि ॲलर्जीची औषधे, ज्यांनी झोप येते.

ही औषधे कधीच एकत्र देत नाहीत असे नाही. पण ती एकत्र देणे हा डॉक्टरांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा, आपल्या विसरभोळेपणाचा परिणाम नसावा. आमच्या घरी दुसरे घडले.

ज्यांना दमा किंवा फुफ्फुसाचा जुना विकार आहे, झोपेत श्वास अडकून घोरण्याचा विकार आहे, मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर आहे, त्यांना धोका अधिक. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर मॉर्फिनसारखे औषध शरीरात साठत जाते आणि नेहमीची मात्राही जड पडते. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांना अवश्य दाखवावा.

पुढील खुणा दिसल्या तर वेळ घालवू नये : हाक मारून, खांदा हलवूनही माणूस नीट जागा होत नाही, श्वास फार संथ किंवा उथळ आहे (मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात, ८-१० च्या खाली गेले तर ती धोक्याची घंटा समजावी), घशातून घरघर येते, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात.

अशा वेळी १०८ ला फोन करावा. माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. अंगावर पॅच असेल तर काढून टाकावा. तोंडाने पाणी, चहा, कॉफी काही देऊ नये. श्वास थांबलाच तर फोनवर सांगतील त्याप्रमाणे कृत्रिम श्वास आणि छाती दाबणे सुरू करावे. औषधांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्याव्यात. नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन या औषधांचा परिणाम उलटवते, पण ते वेळेत मिळायला हवे.

ट्रॅमाडॉलबद्दल थोडे अधिक

आपल्याकडे सर्वांत जास्त दिले जाणारे औषध हेच, आणि 'हलके आहे' असा समजही याच्याचबद्दल. त्याच्या काही खास गोष्टी अशा.

ट्रॅमाडॉलमुळे आकडी येऊ शकते, विशेषतः मात्रा वाढली किंवा पूर्वी फिट्सचा त्रास असला तर. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर (उदाहरणार्थ सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम) ते घेतले तर थरथर, ताप, घाम, अस्वस्थता असा गंभीर प्रकार होऊ शकतो. घरात नैराश्याची गोळी चालू असेल तर संकोच न करता सांगावे; ती लपवण्यात काही शोभा नाही. रक्तातली साखर आणि सोडियम कमी होण्याचा इशाराही या औषधावर आहे, म्हणजे मधुमेहींनी अधिक सावध राहायचे. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आणि पंचाहत्तरीपुढे ३०० मिलिग्रॅम धरतात. प्रत्यक्षात बहुतेकांना याहून पुष्कळ कमी लागते.

बारा वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. काही मुलांच्या शरीरात त्याचे तीव्र रूपांतर फार वेगाने होते. आजोबांच्या खोकल्याच्या औषधातले दोन चमचे नातवाला देणे हा म्हणूनच साधा विषय नाही.

गुडघेदुखी-पाठदुखी वर्षानुवर्षे असेल तर ही औषधे उपयोगी पडतात का, याचाही तपास झाला आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २४० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट पाठदुखी आणि गुडघा-खुब्याची झीज असलेल्या या रुग्णांपैकी अर्ध्यांना ओपिऑइड दिले, अर्ध्यांना इतर औषधे. वर्षभरानंतर ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल काही अधिक सुधारलेली नव्हती, दुखणे किंचित जास्तच होते आणि औषधाचे त्रासही अधिक. शस्त्रक्रियेनंतरचे चार दिवस वेगळे आणि संधिवाताची दहा वर्षे वेगळी, एवढे यातून घ्यावे.

सराव, अवलंबन आणि व्यसन

हे तीन शब्द आपण एकच समजतो. ते वेगळे आहेत.

काही आठवड्यांनी तीच मात्रा कमी पडू लागते, हा सराव. औषध अचानक बंद केले की जांभया, नाक वाहणे, जुलाब, घाम, अंगावर काटा, हाडे दुखणे आणि बेचैनी सुरू होते, हे शरीराचे अवलंबन. ते कोणालाही होते. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. म्हणून बरेच दिवस घेतलेले औषध एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे. दुखणे नसतानाही गोळी हवीशी वाटणे, ती लपवून घेणे, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, हे व्यसन. त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून तेथील बातम्या कानावर येतात. तेथे १९९६ मध्ये ऑक्सिकोडोनची एक दीर्घकाळ काम करणारी गोळी बाजारात आली. तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी आहे असा प्रचार झाला. २००७ मध्ये पर्ड्यू या कंपनीने हा प्रचार दिशाभूल करणारा होता, असा गुन्हा न्यायालयात कबूल केला. तोवर गोळी घरोघरी पोहोचली होती. पुढे लोक हेरॉईनकडे आणि मग चोरट्या फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात तेथे ओपिऑइडच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे गेली.

भारतात नियम कडक आहेत. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आले. ते औषधांच्या 'एच-१' यादीतही आहे : चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि दुकानदाराला डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ओळखीचा दुकानदार "घेऊन जा काका, चिठ्ठी नंतर दाखवा" म्हणाला तर तो आपल्यावर उपकार करत नसतो.

दुसरी बाजू : भीतीने केलेली चूक

एवढे वाचून कोणी म्हणेल की ही औषधे घरात येऊच द्यायला नकोत. तसे आम्हीही एकदा केले होते.

आमच्या थोरल्या वहिनी कर्करोगाने गेल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. आजार हाडांत पसरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी द्यायला सांगितली. आम्ही घरच्यांनी बसून ठरवले की मॉर्फिन म्हणजे शेवटचे औषध. ते आत्ताच सुरू केले तर सवय लागेल, आणि पुढे काही उरणार नाही. दादांनी गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. वहिनी कण्हू लागल्या की अर्धी गोळी द्यायची, एरवी नाही. शेवटचे काही दिवस त्या पलंगाची कड हाताने घट्ट धरून असत. कपाटातल्या बहुतेक गोळ्या त्यांच्यामागे तशाच उरल्या.

आता समजते ते असे. कर्करोगाच्या वेदनेत, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या मात्रेने सुरू करून बेताबेताने वाढवलेले मॉर्फिन श्वास बंद पाडत नाही आणि मरण जवळ आणत नाही. ठरल्या वेळी दिले तर वेदना डोके वर काढत नाही. कण्हण्याची वाट पाहिली तर नंतर जास्त लागते. ते 'शेवटचे' औषध नाही. मात्रा गरजेप्रमाणे वाढवता येते, आणि वेदना कमी झाली तर कमीही करता येते.

आपल्या शेजारच्या शेतांत हे औषध पिकते, आणि आपल्याच देशात पुष्कळ कर्करोगी त्यावाचून तळमळतात, ही गोष्ट खरी आहे. १९८५ च्या कायद्यातील कडक तरतुदींमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन अशा औषधांसाठी 'अत्यावश्यक' असा वेगळा गट करण्यात आला, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. या कामी केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांचा मोठा वाटा. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीचे ते एक संस्थापक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरात कर्करोगी असेल तर 'पॅलिएटिव्ह केअर विभाग कोठे आहे?' असे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. तो विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो.

घरातली व्यवस्था

सौ.च्या प्रसंगानंतर आमच्या घरी ज्या गोष्टी ठरल्या, त्या जशाच्या तशा देतो :

१. सगळ्या औषधांची एक यादी. झोपेची, नैराश्याची, आयुर्वेदिक, अधूनमधून घेतली जाणारी, सगळी त्यात. प्रत्येक डॉक्टरांसमोर आधी यादी, मग तक्रार.

२. नवी पट्टी आली की घटक मोठ्याने वाचायचे. समजले नाही तर दुकानदाराला विचारायचे, "यात ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन आहे का?"

३. डॉक्टरांना तीन प्रश्न : किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची? रात्री गुंगी वाढली तर फोन कोणाला करायचा?

४. एक छोटी वही. तारीख, वेळ, गोळी, देणाऱ्याची सही. "मघाशी दिली की नाही?" या प्रश्नावर अंदाजाने दुसरी गोळी द्यायची नाही.

५. दीर्घकाळ काम करणारी गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नाही. गिळता येत नाही म्हणून आपण आईला गोळी कुटून मधातून देतो. अशा गोळीतले बारा किंवा चोवीस तासांचे औषध त्यामुळे एकदम अंगात जाते.

६. फेंटानिलचा पॅच साधारणपणे ७२ तासांसाठी असतो. नवा लावताना जुना काढायचा. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, शेक द्यायचा नाही. उष्णतेने औषध जास्त शोषले जाते. ताप चढला तरी डॉक्टरांना कळवायचे. पॅच कापायचा नाही.

७. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. "मला चांगला गुण आला, तुम्हीही घेऊन पाहा" हे मराठी घरातले प्रेमाचे वाक्य या औषधांना लागू नाही.

८. औषधे कुलपात. सुट्टीत नातवंडे आली की फ्रिजवरचा डबा आधी आत.

९. उरलेल्या गोळ्या 'लागतील कधी' म्हणून ठेवायच्या नाहीत. एरवी औषधे संडासात टाकू नयेत असे सांगतात. पण २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने १७ औषधांची यादी दिली, जी उरल्यास शौचालयात टाकून पाणी सोडावे. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल त्यात आहेत. वापरलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असते. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि तसाच टाकायचा. लहान मुलाने तोंडात घातला तर जिवावर बेतते.

आमच्याकडून दोन चुका झाल्या. वहिनींच्या वेळी औषधाची भीती जास्त झाली, सौ.च्या वेळी कमी पडली. दोन्ही वेळा आम्ही डॉक्टरांना पूर्ण विचारले नाही आणि पूर्ण सांगितले नाही. सभासदांना एकच विनंती : आज रात्री जेवण झाल्यावर घरातला औषधांचा डबा टेबलावर रिकामा करा, चष्मा लावा, आणि प्रत्येक पट्टीवरची बारीक अक्षरे वाचा. अर्ध्या तासाचे काम आहे.